नऊ वर्षांची जखम

फ्रीगंजच्या दवाखान्यात भय्यासाहेब पायाची जुनी जखम पायजम्याखाली झाकून संकोचाने बसले होते. शेजारी विनोदिनीबाई आपला जखमी पाय पुढे करून संशोधक नातीशी, ईराशी, हुज्जत घालत होत्या.

“डुकरावर तपासलेली पट्टी? चल हट, मला नको!”

“आजी, त्याची कातडी आपल्यासारखीच असते. जखमही तशीच भरते.”

“अच्छा! आणि उंदीर?”

“त्याची कातडी आक्रसून जखम पटकन मिटते. म्हणून जखमेभोवती ताठ कडं शिवतो, मग ती माणसासारखी हळूहळू भरते.”

“माझ्यासारखी नऊ वर्षं वाहते?”

“तेवढी कुठल्याच जनावराची वाहत नाही. आम्हाला मुद्दाम करूनही जमत नाही.”

“कमाल आहे!”

“म्हणून शेवटी तुझ्याच पायाला विचारावं लागतं.”

“...त्या डुकराला माझा नमस्कार सांग. बांध.”

भय्यासाहेबांनी हळूच पायजमा वर सरकवला.