फाटकावरची पाटी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते. थेंब घातल्यामुळे दोघांचे डोळे मिटलेले, तोंडं मात्र चालू.

“तीस वर्षं रोडरोलर चालवला मी. जंगलातून तळ्याकडे जाणारा रस्ता माझ्याच हातचा.”

“तो? तो तर बंद केलाय म्हणे.”

“केलाय ना, माझ्याच मुलीनं! वनखात्यात अधिकारी आहे ती.”

“बापाचा रस्ता?”

“गाड्यांच्या गोंगाटानं हरणं पाण्यावर येईनाशी झाली होती. घरी येऊन म्हणाली, ‘बाबा, रस्ता उखडायचाय. कुठून सुरुवात करू, तुम्हीच सांगा.’”

“चिडला असाल.”

“दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः गेलो आणि भराव कुठे कच्चा आहे ते दाखवून आलो. आमची पोरगी कुणाची भीडभाड ठेवत नाही!”

“आता येतात हरणं?”

“पाडसांसकट येतात म्हणे.”

“म्हणे? तुम्ही पाहिली नाहीत?”

“परवा गेलो होतो. फाटकावरूनच परत पाठवलं. ‘बाबा, पाडसं लहान आहेत, कुणालाच आत सोडत नाही.’ सख्ख्या बापाला, बोला!”

“मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांच्या मागे एवढी घाई कशाला लावलीत? हरणं तर दिसणार नाहीतच.”

“फाटकावर ‘प्रवेश बंद’ची पाटी आहे. खाली तिचं नाव, आणि तिच्या नावापुढे माझं. ते मला वाचायचंय.”