ताईंनी देऊन टाकलेली वेळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, या विमा कार्यालयातले सगळे सहकारी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण आज जमलो त्या आमच्या ताई,

मी इथला कर्मचारी नाही. गाडीच्या पुढच्या काचेला खडा लागून तडा गेला की व्हॅन घेऊन दारात येतो आणि तो भरून देतो, तो एकटा माणूस मी. दिवसभर काचेशी बोलायची सवय. ती उलट उत्तर देत नाही. तेव्हा माइकसमोर माझी त-त-प-प झाली तर हसू नका.

लोक म्हणतात, तुझं बरं आहे बाबा, डोक्यावर साहेब नाही. खरं आहे. पण माझा दिवस कोण लावायचं? कामं वाटून देणाऱ्या या ताई. सकाळी फोन यायचा, "काचवाले, घ्या लिहून." ऊन तापायच्या आत उघड्यावरच्या गाड्या आणि दुपारी तळघरातलं पार्किंग, कारण तापलेल्या काचेत तडा पुढे पळतो. पाऊस असला की छपराखालची कामं. मध्ये जेवायला जागा ठेवायच्या, आणि वर विचारायच्या, जेवलात का म्हणून. अहो, माझ्या बायकोनं ते विचारणं सोडलं त्याला जमाना झाला. आली आहे ती, मागे बसून हसतेय.

आता ही कामं मोबाइलमधलं ॲप वाटून देतं. हुशार आहे बिचारं, जवळची गाडी बरोबर दाखवतं. गेल्या आठवड्यात भर दुपारी मला उघड्या मैदानात धाडलं. तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. गिऱ्हाइकाची बोलणी मी खाल्ली, ॲपला काय त्याचं?

या धंद्यातलं खरं सुख कशात आहे सांगू? तडा कोळ्याच्या पायांसारखा काळा पसरलेला असतो. त्यात पातळ रेझिन, म्हणजे काचेसारखा नितळ डिंकच म्हणा, सोडायचं, दाब द्यायचा, आणि तो काळेपणा डोळ्यांदेखत विरत जातो. इतकी वर्षं झाली, अजून जीव सुखावतो. हे मी ताईंना फोनवर रंगवून रंगवून सांगायचो. एकदा त्या म्हणाल्या, "मला बघायचंय." त्यांची स्वतःची गाडी नाही, म्हणून या कार्यालयासमोरच्या पार्किंगमधली तडा गेलेली एक ठरवली. ताईंनी चक्क अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मी घरून निघतोय तोच ताईंचा फोन. शाळेच्या बसची काच तडकलीय, पोरं खोळंबलीत, तिकडे जा. म्हटलं, अहो, आणि तुमचं? तर म्हणतात, "माझं काय, पुन्हा कधीतरी."

कधीतरी! या एका शब्दानं घात केला. जरा वेळ रिकामी झाली की ताई ती कुणाला तरी देऊन मोकळ्या. माझंही हातावर पोट, ते कधीतरी तसंच राहून गेलं. आणि आता त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. बाजूचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. त्यापायीच मुदतीआधी निवृत्ती घ्यावी लागली. तुम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला मात्र आज कळलं, बहीण त्यांना हात धरून पायऱ्या चढवत होती तेव्हा. फार वाईट वाटलं, मंडळी. रोज कानाशी असलेलं माणूस, आणि मला पत्ता नाही.

मघाशी चहा घेताना म्हटलं, ताई, उद्या चला, दाखवतो. तर म्हणाल्या, "आता मला काय दिसणार? उगीच एक काम बुडवू नका."

असो. परक्या माणसाला इथं उभं केलंत, उपकार झाले. बोलण्याच्या भरात कुठे तोल गेला असेल तर आपलाच समजून पोटात घाला.

एवढं सांगून बसतो. ताई, उद्या सकाळची पहिली वेळ तुमची. व्हॅन घेऊन मी दारात येतोय. दिसेल तेवढं बघा, उरलेलं मी सांगेन. आणि ही वेळ तुम्हाला दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. तुम्ही आता निवृत्त झालात.