पहिल्या नंबरचा तांडेल

अरे, तुमच्या ऑफिसातलं काय सांगता, आमच्या शेठचं ऐका! आगरदांडा-दिघी फेरीला आमच्या चार लाँच, मी तिथला हिशेबनीस. शेठ मला म्हणाला, "एक्सेलमध्ये पिव्होट टेबल मार, लाँच चालवणाऱ्या तांडेलांचं स्कोअरकार्ड काढ. शेवटच्याला घरी बसवतो."

डिझेल, उशीर, तक्रारी, सगळं टाकलं. पहिला कोण? महादू तांडेल. डिझेल शून्य, उशीर शून्य, तक्रार तर एक नाही!

मी म्हटलं, "शेठ, त्याच्या लाँचचं इंजिन दुरुस्तीला उतरवलंय. तो घरीच बसलाय."

"आकडे बघ, आकडे! बाकीच्यांना सांग, महादूकडून शिका."

सांगितलं बाबा. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी, आणि उरलेल्या तिन्ही लाँचची इंजिनं बाहेर. शेठ ओरडला, "हे काय चाललंय?"

तांडेल म्हणाले, "महादूकडनं शिकतोय, शेठ."