तेल काठोकाठ होतं

तुम्ही भुतांचं काय सांगताय, माझं ऐका. नरडाण्याला आमचं ज्वारीचं पेव होतं, म्हणजे जमिनीत विहिरीसारखं खणलेलं कोठार. लढाईचे दिवस, घासलेटची मारामार. पेव उघडलं, पण उतरण्याआधी दोराला कंदील बांधून आत सोडायची आमची रीत. थोडा खाली जाऊन दोराची एक गाठ पेवाच्या तोंडाशी येताच कंदील विझला. मी वर ओढून तेल भरलं, पुन्हा सोडला. दोराची तीच गाठ पेवाच्या तोंडाशी आली आणि विझला. तिसऱ्यांदाही तिथंच, जणू आत बसून कुणी फुंकर मारतंय.

"नाना, तेल कमी पडतंय," मी काकांना म्हणालो.

नानांनी कंदील कानाशी हलवला. "तेल काठोकाठ शे. वात बी शे. मंग खाले काय सरनं?"

खाली काय संपलं असेल, ते बघायला मी पेवात डोकावलो.

"हवा सरनी. जे पहिलं सरस, तठेच दिवा इझस."

मग त्यांनी विझलेला कंदील ज्वारीला टेकेपर्यंत सोडला आणि त्या गाठीपुढे जेवढा दोर आत गेला, तेवढा माझ्या अंगाला लावून पाहिला. तो माझ्या डोक्याच्याही वीतभर वर गेला.

"कंदील परत पेटस," नाना हळूच म्हणाले. "तुले कोन पेटाडी?"