गुलाबरावच्या ट्रकचं टायमिंग

मी मिस्त्री; ट्रकच्या इंजिनात ठिणगी पडाचं टायमिंग मी निस्त्या कानानं लावतो, हे साऱ्या सौंसरले माहीत आहे. एकदा मोहगावच्या बगीच्यात संत्रा भराले आलेला गुलाबरावचा जुना पेट्रोल ट्रक बिघडला. चालू केला की सायलेन्सरमधून बंदुकीवानी ठो! ठो! मी ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर ढिला केला, हळूच घुमवला अन् आवाज गोड लागला तिथंच कसला.

तेवढ्यात बगीच्याचे मालक बापूजी धावत आले.

“काय करून राहिला बे? पयले होता तसाच कर!”

“काहून? चांगला तर चालून राहिला.”

“तुह्या चांगल्याले काय चाटू? ठो ठो बंद झालं अन् वांदराची टोळी संत्र्यावर आली!”

मी डिस्ट्रिब्युटर मांगं घुमवला. ठो! टोळी पसार.

टायमिंग बिघडवाले बी कानच लागतो, भाऊ!