पाठीवरचं कवठ

...कुशीवर झोपा म्हनते! सांगाले काय जाते त्या बुलढाण्याच्या डाक्टरचं? तुमाले सांगतो, मी घोरतो, कबूल. पन घोरता घोरता मधीच श्वास अटकते माहा, आन मंग आमची सत्यभामा रातभर नाकापाशी हात धरून बसते, हाये का गेला! म्हनून गेलो एसटीनं, तं डाक्टर म्हनते, उताणं झोपू नका, कुशीवर झोपा. औषध नाही, सुई नाही! अहो, झोप लागल्यावर मानसाले कूस ठावं राह्यते काय? मंग सत्यभामेनं काय करावं, माह्या बंडीले पाठीवर खिसा शिवला आन त्यात घातलं कवठ! उताणा झालो का मनक्यात धोंडा... पन खोटं काऊन बोलू, श्वास अटकनं थांबलं.

थांबलं, आन दुसरंच उपटलं! परवा दुपारी जेवून पडलो, कुशीवर बरं का, तं आमच्या बेबीले पाहाले येनारे चिखलीचे पाव्हणे दोन घंटे आधीच दारात! तिसरं स्थळ हो, आधीची दोन मोडलेली. मी तसाच उठलो, वाकून रामराम घातला... आन झुंबरबाई, पोराची माय, नवऱ्याच्या कानाशी लागली. हिंमतराव माह्या पाठीकडंच पाहून राह्यले. बाप कुबडा, मंग पोरीचं कसं? चहा न घेता उठले ना! कुबडा ठरू का घोरनं सांगू? तिकडं दाराआड पोर रडकुंडीले आलेली. काढलं कवठ, ठेवलं समोर, आन सांगून टाकलं सारं, श्वास अटकन्यासकट.

हिंमतराव परत खाली टेकले, कवठ हातात घेऊन पाह्यलं. मंग हिंमतराव हळूच म्हनते, "उकंडराव, आराम पडते काय हो यानं?"

बारा वर्सं झाली म्हने, झुंबरबाई बी नाकापाशी हात धरून बसते!

जमली सोयरीक. बंडी हिंमतराव घेऊन गेले. कवठाची गूळ घालून चटणी झाली, ते बी पाव्हण्यांनीच खाल्ली. सत्यभामेले म्हनलं, दुसरी बंडी शिव. तं म्हनते, "लगनापर्यंत हात रिकामा नाही. तसं बी मले जागंच राहाचं हाये, तुमचा श्वास बी पाहीन."

आता बोला! व्याही चिखलीत कुशीवर, आन मी इथं उताणा... कुशीवर झोपा म्हनते!