गिटारची धर्ममाता

वांकायो शहरातल्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात साबिना मँडोलिन मांडीवर घेऊन बसली होती. बाकावर शेजारी दोघी बहिणी. धाकटीच्या, नेलिदाच्या कुशीत तिच्या नवऱ्याची, विल्मरची, डोकं मोडलेली इलेक्ट्रिक गिटार.

"पडली कशी गं?"

"पलंगावरून."

"पलंगावर चढली कशी?"

"विल्मर झोपवतो तिला, ताई, माझ्या जागेवर! या गिटारचं बारसं केलं तेव्हा तिच्यावर बिअर शिंपडायला, फीत बांधायला धर्ममाता कोण आणली? तर त्यांच्या बँडची ती गाणारी! रोज फीत कुरवाळतो मेला."

"म्हणून तू पाडलीस?"

"मी नुसती चादर ओढली."

साबिनाने मान वळवली नाही. कान मात्र तिकडेच होते.

मिस्त्री गिटार घ्यायला पुढे आला.

"सरस भरून शिकंज्यात आवळून ठेवतो. रविवारी न्या."

"ही फीत काढून फेका."

"फेकतो. तसंही बारसं पुन्हा करावंच लागेल."

"पुन्हा? का?"

"डोकं तुटून पुन्हा जोडलं म्हणजे नवा जन्म, बाई. बारसं केलं नाही तर सूर धरत नाही, असं आमच्यात म्हणतात."

"मग या खेपेला मी होते धर्ममाता."

"छे! धर्ममाता एकदा झाली ती झाली. तिलाच बोलवायचं. आणि घरच्या बाईने आपल्या हाताने तिला जेवू घालायचं."

"ओढ अजून चादर!" थोरली म्हणाली.

 नेलिदा उठून मिस्त्रीजवळ गेली.

"मास्तर, जोड असा घट्ट करा, की पुन्हा कुणाला मोडताच येणार नाही."